चिंध्यांची शिवण आणि स्थलांतराची गोष्ट : कोरियन जोगाकबोवर आधारित सामुदायिक कार्यशाळा

या टिपणाविषयी

हे टिपण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांसाठी आणि वस्तीत किंवा सोसायटीत छोटी कार्यशाळा घेऊ इच्छिणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. यात आपण पुढील गोष्टी पाहणार आहोत :

१. जोगाकबो ही कोरियन हस्तकला काय आहे आणि ती आपल्या गोधडीपेक्षा कशी वेगळी आहे.
२. तिच्या शिवणीमागचे साधे यंत्रशास्त्र.
३. हाताने काम करताना माणसे आपल्या स्थलांतराविषयी का बोलू लागतात.
४. अशी कार्यशाळा कशी आखावी आणि कोणती चूक टाळावी.

शेवटची चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून ती जरा सविस्तर लिहिली आहे.

१. पार्श्वभूमी : चेन्नईत कोण कुठून आले

मी चेन्नईच्या अण्णा नगरमध्ये राहते आणि एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मशीन डिझाइन शिकवते. माहेर सांगली जिल्ह्यातले. आमच्या इमारतीत तमिळ, तेलुगू, मारवाडी कुटुंबे आहेत, आम्ही मराठी आहोत आणि वरच्या मजल्यावर एक कोरियन कुटुंब आहे.

चेन्नईत कोरियन माणूस दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. ह्युंदाई मोटर इंडिया ही कंपनी १९९६ मध्ये स्थापन झाली. श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगाट्टुकोट्टै येथे तिचा कारखाना उभा राहिला आणि १९९८ मध्ये तिथून सँट्रो गाडी बाहेर पडली. मोटारीला हजारो सुटे भाग लागतात. ते वेळेवर मिळावेत म्हणून पुरवठादार कोरियन कंपन्याही मागोमाग आल्या. त्यांच्याबरोबर अभियंते आले, व्यवस्थापक आले, त्यांच्या बायका आणि शाळेत जाणारी मुले आली. २००६ मध्ये चेन्नईत इन्को सेंटर हे भारत-कोरिया सांस्कृतिक केंद्र सुरू झाले.

मराठी माणूस तर तमिळ देशात फार आधीपासून आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर घेतले आणि भोसल्यांचे ते राज्य १८५५ पर्यंत टिकले. त्या काळात आलेल्या घराण्यांतले लोक आजही घरात एक वेगळ्याच वळणाची मराठी बोलतात. दुसरी लाट अगदी अलीकडची आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर आणि आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून सोने-चांदी गाळणारे, म्हणजे गलाईचे काम करणारे लोक भारतभर पसरले. शेती पावसाच्या भरवशावर, म्हणून घरातला एकेक मुलगा गलाईच्या दुकानात कामाला जायचा. तमिळनाडूतल्या शहरांतही त्यांची दुकाने आहेत. त्यांच्या बायका मागून येतात, एका खोलीत संसार मांडतात आणि तमिळ येईपर्यंत पहिली काही वर्षे जवळजवळ मुक्याने काढतात.

कोरियन अभियंत्याची बायको आणि गलाईवाल्याची बायको यांच्या उत्पन्नात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण नवऱ्याच्या कामासाठी परक्या भाषेच्या गावात यावे लागणे आणि तिथे दिवसभर बोलायला कोणी नसणे, हे दोघींच्या वाट्याला सारखेच आलेले असते. या दोघींना एका सतरंजीवर कसे बसवायचे, या प्रश्नातून आमची कार्यशाळा सुरू झाली.

२. जोगाकबो म्हणजे काय

कोरियात वस्तू गुंडाळायच्या, झाकायच्या आणि वाहून न्यायच्या चौकोनी कापडाला बोजागी म्हणतात. जेवणाचे ताट झाकायला, पांघरुणे बांधून ठेवायला, लग्नातल्या भेटी गुंडाळायला, प्रवासात गाठोडे करायला, सगळीकडे बोजागीच. ‘जोगाक’ म्हणजे तुकडा. उरलेल्या तुकड्यांची जोडून केलेली बोजागी म्हणजे जोगाकबो.

जोसोन राजवटीच्या काळात (१३९२ ते १९१०) घरातले कपडे बायकाच शिवत. कपडे बेतताना उरलेले रेशमाचे, तागासारख्या धाग्याचे किंवा रॅमीचे तुकडे फेकून न देता त्या साठवत आणि त्यांचे जोगाकबो करत. रॅमी हा एका झाडाच्या सालीपासून काढलेला धागा असून कोरियन भाषेत त्याच्या कापडाला मोसी म्हणतात. ते कडक, हवेशीर आणि अर्धपारदर्शक असते. हानसान भागातल्या मोसी विणण्याच्या कलेचा २०११ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला.

मोसीचे बिनअस्तराचे जोगाकबो खिडकीत टांगले की उजेड आरपार येतो आणि प्रत्येक शिवण गडद रेषेसारखी दिसते. तुकडे मुद्दाम एकाच मापाचे कापलेले नसतात. ज्या आकाराचा तुकडा उरला असेल त्याला तशीच जागा करून दिलेली असते. हे लहान-मोठे चौकोन पाहून अनेकांना आधुनिक चित्रकला आठवते, पण ही कापडे करणाऱ्या बायकांची नावे कुठेच नोंदलेली नाहीत. हो डोंग-ह्वा या संग्राहकांनी अशी जुनी कापडे आयुष्यभर जमवली आणि सेऊलमध्ये त्यांचे संग्रहालय केले, म्हणून त्यातली पुष्कळ आज पाहायला मिळतात.

तुकडे जोडत जाणे म्हणजे आयुष्य वाढत जाणे आणि कापडात गुंडाळणे म्हणजे सुदैव बांधून ठेवणे, असा भाव या कामामागे असे. सुदैवाला कोरियन शब्द ‘बोक’. माझी शेजारीण हे सांगताना दोन्ही हातांनी हवेत गाठोडे बांधून दाखवते.

कोरियात कागदाची (हानजी) आणि गाठींची (मेदुप) कलाही आहे. आम्ही जोगाकबो निवडले, कारण त्याला लागणारा कच्चा माल प्रत्येकीच्या घरात असतो.

३. गोधडी, वाकळ आणि कवंद

चिंध्या जोडण्याची कला आपल्याला नवी नाही. आमच्याकडे सांगली-कोल्हापूर भागात गोधडीला वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरे खाली-वर घालून मध्ये फाटक्या कपड्यांचे थर पसरायचे आणि लांब सुईने धावदोरा भरत जायचे. घरातल्या कोणत्या माणसाचे कापड कोणत्या वाकळेत गेले, हे आजीला तोंडपाठ असे.

तरीही जोगाकबोला ‘कोरियन गोधडी’ म्हणू नये. वाकळ अनेक थरांची असते आणि ती ऊब देण्यासाठी असते. जोगाकबो एका किंवा दोन थरांचे असते आणि ते गुंडाळण्यासाठी असते. वाकळेत टाका पृष्ठभागावर दिसतो आणि थर एकत्र धरतो. जोगाकबोत टाका काठावर असतो आणि तुकडे एकत्र धरतो. दोन्हींचा कच्चा माल एकच असला तरी काम वेगळे आहे, आणि कामाप्रमाणे शिवण बदलते.

स्थलांतराच्या दृष्टीने तिसरे उदाहरण फार महत्त्वाचे आहे. गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीज काळात गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आफ्रिकी लोकांचे अनेक वंशज इथल्या जंगलपट्टीत येऊन राहिले. ते कोकणी वळणाची भाषा बोलतात. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची ठिगळे लावून जी गोधडी शिवतात तिला कवंद म्हणतात. कवंदच्या चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची छोटी ‘फुले’ लावतात आणि फुले लावल्याखेरीज कवंद पुरी झाली असे मानत नाहीत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे कलाभ्यासक हेन्री ड्रूअल यांनी या बायकांबरोबर काम केले आणि त्यांच्या गोधड्या परदेशी संग्रहालयांपर्यंत पोहोचल्या. ज्यांच्या पूर्वजांच्या प्रवासाविषयी त्यांच्या स्वतःच्या शब्दांत लिहिलेले फारसे काही उरलेले नाही, त्यांची एक ओळख अशी कापडात टिकून राहिली आहे.

४. शिवणीचे यंत्रशास्त्र

आता थोडे आपल्या विषयाकडे वळू. कार्यशाळेत विद्यार्थी स्वयंसेवक असतील तर हा भाग त्यांच्याकडून करून घ्यावा. त्यांनाही वाटते की आपल्याला काहीतरी येते.

*टाक्यांमधले अंतर.* दोन पत्रे रिव्हेटने जोडताना आपण पिच ठरवतो, म्हणजे दोन रिव्हेटमधले अंतर. पिच फार जास्त ठेवला तर एकेका रिव्हेटवर भार वाढतो आणि सांधा उघडतो. फार कमी ठेवला तर भोके जवळ येऊन पत्राच भोकांच्या रेषेत फाटतो. धाग्याचेही तसेच आहे. टाके लांब पडले तर शिवण उसवते, फार दाट पडले तर जुने विरलेले कापड सुईच्या भोकांच्या रेषेत फाटते. सुती जुन्या कापडासाठी नवशिक्याने एका सेंटिमीटरला साधारण ३ टाके धरावेत.

*उभे-आडवे धागे.* कापड उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या दिशेने कमी ताणते, तिरपे ओढले की जास्त ताणते. एक तुकडा सरळ आणि शेजारचा तिरपा कापला असेल तर शिवण लाटेसारखी वाकडी होते. म्हणून कापण्याआधी तुकड्याच्या काठचा एक धागा ओढून पाहावा आणि त्या रेषेत कापावे.

*आकसणे.* नवे सुती कापड धुतल्यावर आकसते, वापरलेले आधीच आकसून स्थिर झालेले असते. दोन्ही एकत्र शिवले तर पहिल्या धुण्यातच चुण्या पडतात. नवे कापड घ्यायचेच असेल तर आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे.

*शिवणीचे प्रकार.* जोगाकबोत दोन शिवणी मुख्य आहेत. पहिली गामचिमजिल : दोन्ही तुकड्यांच्या कडा आत दुमडून, तुकडे एकमेकांवर ठेवून, जुळलेल्या काठावरून बारीक तिरपे टाके घालायचे. दुसरी सामसोल : एक कड दुसरीपेक्षा लांब ठेवून ती आखूड कडेवर दुमडायची आणि पुन्हा शिवायची. जीन्सच्या पायाच्या शिवणीत हीच रचना असते. कापडाची कच्ची कड पूर्ण आत बंद होते, म्हणून बिनअस्तराचे कापडही दोन्ही बाजूंनी स्वच्छ दिसते. नवशिक्यांसाठी गामचिमजिल सोपी. तिने केलेल्या कापडाला मागून अस्तर लावावे.

*हिशेब.* समजा १२ जणी आहेत. प्रत्येकीने ४ तुकडे जोडून १५ × १५ सेंमीचा एक चौकोन करायचा आणि असे १२ चौकोन ३ × ४ मांडणीत जोडायचे. तयार कापड ४५ × ६० सेंमी, म्हणजे २७०० चौसेंमी.

प्रत्येक तयार तुकडा ७.५ सेंमीचा. चारही बाजूंना १ सेंमी दुमड धरली तर कापायचे माप ९.५ सेंमी. एका तुकड्याला ९०.२५ चौसेंमी कापड लागेल आणि ४८ तुकड्यांना ४३३२ चौसेंमी.

वजाबाकी १६३२ चौसेंमी. लागलेल्या कापडापैकी सुमारे ३८ टक्के कापड दुमडीत जाते आणि समोरून दिसतच नाही. ‘वाया जाते’ असे विद्यार्थी पटकन म्हणतात. दुमड १ सेंमीऐवजी २ मिलिमीटर ठेवून एक शिवण घालून बघायला सांगावे. हाताने जरा ओढली की उसवते. सांधा टिकतो तो न दिसणाऱ्या भागामुळे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

५. हात गुंतले की माणसे का बोलतात

समोरासमोर खुर्च्या टाकून ‘तुमच्या स्थलांतराची गोष्ट सांगा’ म्हटले की बहुतेक माणसे दोन वाक्यांत संपवतात. हातात काम दिले की चित्र बदलते. त्याची कारणे गूढ नाहीत.

एक, नजर कामावर असते. बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याचा चेहरा पाहावा लागत नाही. आपल्याकडे शेंगा निवडताना, पापड लाटताना, भल्या पहाटे जात्यावर बायका जे बोलत ते ओसरीवर पाहुण्यांसमोर बोलत नसत.

दोन, गप्प बसायला कारण असते. सुईत दोरा ओवताना कोणी बोलत नाही आणि ते कोणाला खटकतही नाही. सांगणारी मध्येच थांबू शकते, विषय सोडू शकते.

तीन, भाषेची अडचण कमी होते. टाका कसा घालायचा हे हाताने दाखवता येते. आमच्याकडे पहिला मोठा हशा पिकला तो एका शब्दावर. शेजारणीच्या मुलीने फोनवर वडिलांना ‘अप्पा’ म्हणून हाक मारली आणि सगळ्या तमिळ बायकांनी माना वर केल्या. कोरियनमध्ये वडिलांना अप्पा आणि आईला ओम्मा, तमिळमध्ये अप्पा आणि अम्मा. भाषाशास्त्रात असे साम्य योगायोगाचे मानतात, कारण लहान मुलांच्या तोंडी पहिले येणारे उच्चार जगभर सारखेच असतात. पण त्या दिवशी त्या योगायोगाने बरेच काम केले.

चार, कापड स्वतःच पुरावा असते. ते कोणाच्या तरी अंगावर होते.

जगात याची मोठी उदाहरणे आहेत. चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांचे नवरे, मुलगे पकडून नेऊन बेपत्ता केले गेले, त्या सँतियागोच्या बायकांनी गोणपाटावर चिंध्या शिवून घडलेले प्रसंग दाखवले. ही कापडे ‘आर्पिलेरा’ नावाने ओळखली जातात. लाओस सोडून मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत आलेल्या ह्माँग लोकांनी १९७५ नंतर आपले पलायन भरतकामात मांडले. आधी त्यांच्या भरतकामात नक्षी असे, छावणीत तिच्यात माणसे, नदी आणि विमाने आली.

कोरियन लोकांचा स्वतःचा इतिहासही स्थलांतराचा आहे. जानेवारी १९०३ मध्ये शंभरेक कोरियन लोक जहाजाने हवाई बेटांवर उसाच्या मळ्यांत कामाला गेले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत सुमारे ७ हजार जण तिकडे पोहोचले. १९३७ मध्ये सोव्हिएत सरकारने आपल्या पूर्व सीमेवरच्या सुमारे १ लाख ७० हजार कोरियनांना उचलून कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात नेऊन सोडले. अशा प्रवासात गाठोड्याला किती महत्त्व असेल याची कल्पना करता येते. जोगाकबो हे मुळात गाठोड्याचेच कापड आहे.

६. आमची पहिली कार्यशाळा आणि माझी चूक

दोन वर्षांपूर्वी नवरात्राच्या आधी आम्ही इमारतीच्या सभागृहात पहिली कार्यशाळा घेतली. १२ जणी होत्या. दोन कोरियन, तीन मराठी, बाकीच्या तमिळ, तेलुगू, एक ओडिया, एक नेपाळी. माझ्या महाविद्यालयाचे चार विद्यार्थी मदतीला.

मी अभियंता असल्यामुळे एक फॉर्म केला. मूळ गाव, स्थलांतराचे वर्ष, स्थलांतराचे कारण, सांगण्यासारखी एक घटना. प्रत्येक तुकड्याशेजारी क्रमांक. म्हणजे शेवटी कापडाबरोबर एक व्यवस्थित तक्ताही तयार होईल, असा माझा बेत.

तीन मराठी बायकांपैकी एक गलाईवाल्याची बायको होती, माझ्याच माहेरच्या बाजूची. तिने चार तुकडे आणले होते. तीन जुन्या साड्यांचे आणि एक लहान मुलाच्या झबल्याचा, पिवळा. तिसरा तुकडा जोडून होईपर्यंत ती छान बोलत होती. आटपाडीचा दुष्काळ, चारा छावणी, चेन्नईतला पहिला पावसाळा. पिवळा तुकडा हातात घेतला आणि ती थांबली. विद्यार्थिनीने फॉर्मवर बोट ठेवून विचारले, “आणि हा कोणाचा? काही आठवण?” उत्तर आले नाही. पोरीने पुन्हा विचारले, कारण रकाना रिकामा होता आणि रकाने भरून घ्या असे मीच सांगितले होते. दुसऱ्या एका विद्यार्थ्याने त्याच वेळी फोटो काढला.

पुढच्या रविवारी ती आली नाही. तिचा चौकोन तीन तुकड्यांचा राहिला.

मी तिच्या घरी गेले. चहा झाला. चूक माझी होती, मुलीची नाही, हे मी सांगितले आणि फोटो तिच्यासमोर पुसून टाकला. निघताना तिने पिशवीतून तो पिवळा तुकडा काढून दिला.

“म्याडम, त्येचं काय लिवू नगा. ठिगळ तेवढं लावा.”

रविवारी कोरियन शेजारणीने तो तुकडा जोडला. तिला त्याच्याविषयी काहीच माहीत नव्हते. मी फक्त एवढे सांगितले की हा जपून लावायचा आहे. तिने आधीचे माझे दोन टाके उसवले आणि बारीक टाक्यांनी पुन्हा शिवला.

त्या रात्री मला ३८ टक्क्यांचा हिशेब आठवला. वर्गात मी दुमड कमी करणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापते. इथे मात्र माणसाच्या गोष्टीत काहीच दुमडीत राहू नये, असा फॉर्म मी स्वतः तयार केला होता.

७. सुधारित आराखडा

त्यानंतर आम्ही फॉर्म काढून टाकला आणि रचना बदलली. दोन रविवार, प्रत्येकी दोन तास.

*सत्राआधी.* सहभागींना घरातले वापरलेले सुती कापड आणायला सांगावे. ‘आठवणीचे कापड आणा’ असे म्हणू नये. ज्यांना आणायचे ते आणतात. काहीच नसेल तर इथे चालतील असे धुतलेले तुकडे टोपलीत ठेवावेत.

*पहिले सत्र.* पहिली २० मिनिटे कला जाणणाऱ्या व्यक्तीने जोगाकबो दाखवावे आणि एक शिवण घालून दाखवावी. ती कला कोणाची आहे, हे त्या व्यक्तीच्या तोंडूनच येऊ द्यावे. मग २० मिनिटे कापणे. उरलेल्या वेळात प्रत्येकीने आपला चौकोन शिवावा. ७.५ सेंमीच्या एका शिवणीला नवशिक्याला ६ ते ८ मिनिटे लागतात, अशा ४ शिवणी. म्हणजे काम अर्ध्या तासाचे असते आणि वेळ ८० मिनिटे. ही सैल जागा मुद्दाम ठेवावी.

*प्रश्न कोणते विचारावेत.* प्रश्न कापडाविषयी विचारावेत. “हे कापड कुठे घेतलेले?” “याला काठ कसा होता?” “हे धुतल्यावर रंग जातो का?” सांगायचे असेल तर माणूस कापडावरून आपणहून माणसांवर येतो. नसेल तर रंगाविषयी बोलून थांबतो. दोन्ही उत्तरे पूर्ण मानावीत. एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारू नये.

*स्वयंसेवकांचे काम.* त्यांनीही शिवायला बसावे. वही, फोन घेऊन उभा राहिलेला विद्यार्थी पाहुणा दिसतो किंवा तपासनीस दिसतो. आमचा एक विद्यार्थी सुईत दोरा ओवताना दहा मिनिटे अडला. त्या दहा मिनिटांत शेजारच्या आजींनी त्याला तिरुनेलवेलीहून आल्यानंतरची चाळीस वर्षे सांगून टाकली.

*दुसरे सत्र.* चौकोन सतरंजीवर मांडून कोणता कुठे बसवायचा हे सगळ्यांनी ठरवावे. यावर वाद होतो आणि तो होऊ द्यावा. १२ चौकोन जोडायला १७ शिवणी लागतात, प्रत्येकी १५ सेंमीच्या. दोघी-दोघींनी एकेक शिवण दोन्ही टोकांकडून घालत मध्यावर यावे.

*नोंद.* शेवटी ज्यांना हवे त्यांनी आपल्या भाषेत, आपल्या हाताने एका कापडी पट्टीवर लिहावे आणि ती अस्तराला टाचावी. एक शब्दही चालतो. कोरी पट्टीही चालते आणि तीही टाचावी. लिहिता येत नसेल तर कोणाकडून लिहून घ्यायचे हे त्या व्यक्तीने ठरवावे.

*फोटो आणि मालकी.* फोटो काढायचा झाल्यास कापडाचा काढावा. माणसांचा काढण्याआधी विचारावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे, कारण गर्दीत ‘नको’ म्हणायला संकोच वाटतो. तयार कापड महाविद्यालयाच्या काचेच्या कपाटात जाणार की कोणाच्या घरी, हे पहिल्याच दिवशी सांगावे. आमचे कापड आळीपाळीने एकेकीच्या घरी राहते.

८. सारांश

जोगाकबो ही उरलेल्या तुकड्यांतून गुंडाळण्याचे कापड करण्याची कोरियन कला आहे. वाकळ आणि कवंद या तिच्या जवळच्या, पण वेगळ्या कामाच्या कला. हाताचे काम चालू असताना नजर मोकळी राहते, गप्प बसण्याची सोय राहते आणि भाषेची गरज कमी होते, म्हणून स्थलांतरित माणसे बोलू शकतात. कार्यशाळेने किती गोष्टी गोळा केल्या यावर तिचे यश मोजू नये. सांगणारी पुढच्या रविवारी परत आली का, हे पाहावे.

त्या वर्षी नवरात्रात इमारतीच्या गोलूच्या सर्वांत खालच्या पायरीवर, तंजावरच्या मान डोलवणाऱ्या बाहुल्यांच्या पुढे, आम्ही ते कापड पसरले. अष्टमीला गलाईवाल्याची बायको हळदी-कुंकवाला आली. तिने कापड पाहिले, पिवळ्या तुकड्याच्या शिवणीवरून बोट फिरवले आणि विचारले, “ही कुणी घातली?” मी वरच्या मजल्याकडे बोट दाखवले. निघताना ती सुंदलचा द्रोण घेऊन जिन्याने वर गेली. पुढच्या कार्यशाळेला दोघी शेजारी बसल्या होत्या.

स्वाध्याय

१. ४ तुकड्यांऐवजी ९ तुकड्यांचा (३ × ३) १५ × १५ सेंमीचा चौकोन करायचा असेल आणि दुमड १ सेंमीच ठेवली, तर लागलेल्या कापडाचा किती टक्के भाग दुमडीत जाईल? तुकडे लहान केल्यावर हे प्रमाण का वाढते?

२. गामचिमजिल आणि धावदोरा या दोन पद्धतींनी १० सेंमीच्या शिवणी घाला. दोन्हींना सारखेच वजन टांगा आणि कोणती आधी उसवते, कुठून उसवते ते नोंदवा.

३. तुमच्या घरातली सर्वांत जुनी गोधडी उघडून पाहा. त्यातली कापडे कोणाची, हे घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीला विचारा. ती जिथे थांबेल तिथे तुम्हीही थांबा.

४. तुमच्या वस्तीत परराज्यातून किंवा परदेशातून आलेल्या लोकांसाठी अशी दोन सत्रांची कार्यशाळा आखा. स्वयंसेवकांनी विचारायचे पाच प्रश्न लिहा. ते कापडाविषयी आहेत की माणसाविषयी, हे तपासून पुन्हा लिहा.